साधेपणाचा हिशेब : राजकीय आत्मकथनांतील एका मूल्याचे वाचन

भारतीय राजकारणातील पुढाऱ्यांविषयी विसाव्या शतकात जी चरित्रे, आठवणी आणि गौरवग्रंथ लिहिले गेले, त्यांत एक प्रकरण बहुधा ठरलेले असते. ते पुढाऱ्याच्या राहणीविषयीचे. कपड्यांचे दोन जोड, पत्र्याची ट्रंक, तिसऱ्या वर्गाचा प्रवास, भाड्याची खोली, मृत्यूनंतर मागे उरलेली तुटपुंजी शिल्लक अशा तपशिलांनी ते भरलेले असते. हे तपशील कितपत खरे, हे पाहणे इतिहासकाराचे काम. साहित्याच्या अभ्यासकापुढचा प्रश्न वेगळा आहे. सत्ता किंवा लोकमान्यता हाताशी असताना स्वेच्छेने पत्करलेली साधी राहणी शब्दांत कशी उतरते, ती कोण सांगतो आणि सांगताना कोणाचा आवाज बाहेर राहतो, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नातील अडचण विषयातच दडलेली आहे. स्वतःचा साधेपणा स्वतः सांगू जावे, तर त्यात आत्मप्रौढीचा सूर मिसळतो. तो चाहत्याने सांगितला, की त्याचे स्तोत्र होते. स्तोत्रात मूल्य असते, पण त्या मूल्याची परीक्षा नसते. लोकशाहीतील वाचकाच्या दृष्टीने ही उणीव किरकोळ नाही. पुढाऱ्याच्या राहणीची हकीकत वाचून तो त्याच्या सार्वजनिक कार्याविषयीही मत बनवीत असतो, आणि साधेपणाची गोष्ट पुष्कळदा त्या कार्याच्या चिकित्सेची जागा घेते. म्हणूनच काही निवडक संहिता शेजारी शेजारी ठेवून हे मूल्य कोठे विश्वसनीय होते आणि कोठे केवळ अलंकार ठरते, हे तपासणे अगत्याचे आहे.

एका परिचित कथेपासून आरंभ करता येईल. लालबहादूर शास्त्री यांनी पंतप्रधान असताना कर्ज काढून फियाट मोटार घेतली, ही हकीकत त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितलेली आणि पुढे असंख्य लेखांतून पुनरुक्त झालेली आहे. मोटारीची किंमत सुमारे १२,००० रुपये आणि बँकेचे कर्ज ५,००० रुपयांचे, असे त्या हकीकतीत येते. ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे शास्त्रींचे निधन झाले, तेव्हा ते फिटलेले नव्हते. पुढे ललिता शास्त्री यांनी निवृत्तिवेतनातून ते फेडले. ही कथा सांगितली जाते ती पंतप्रधानांच्या सचोटीचा दाखला म्हणून, आणि तो दाखला रास्तच आहे. पण कथेचे शेवटचे वाक्य दुसऱ्याच व्यक्तीविषयी आहे. कर्ज काढण्याचा निर्णय एकाचा, आणि ते फेडण्याचे दिवस दुसरीचे. कथा पहिल्यापाशी रेंगाळते आणि दुसरीला एका वाक्यात निरोप देते.

मराठी वाचकाला कथेचा हा घाट नवा नाही. महिपतीने (१७१५–१७९०) ‘भक्तविजय’ आणि ‘भक्तलीलामृत’ या ग्रंथांतून संतांची जी चरित्रे घराघरांत पोहोचविली, त्यांनी वैराग्याच्या कथेचा एक साचा मराठी मनावर कायमचा उमटविला. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, हा त्यातील सर्वांत प्रभावी प्रसंग. त्याच चरित्रात तुकोबांची पत्नी जिजाई, परंपरेची आवली, उभी आहे. घरात दाणा आहे की नाही आणि मुलांनी काय खावे, हे तिचे प्रश्न आहेत. चरित्रकार ते प्रश्न दडवीत नाही. मात्र तो तिला कर्कश ठरवितो आणि तिच्या तक्रारीचा उपयोग संताची निःस्पृहता उठून दिसावी यासाठी करून घेतो. हिशेब तिचा, थोरवी त्याची, अशी ही विभागणी आहे. राजकीय चरित्रांनी संतचरित्राकडून वैराग्याची भाषा उचलली, तेव्हा ही विभागणीही तिच्यासोबत आली.

या पार्श्वभूमीवर महात्मा गांधींची आत्मकथा वाचली, की तिचे वेगळेपण ध्यानात येते. ‘नवजीवन’मध्ये १९२५ ते १९२९ या काळात गुजरातीतून क्रमशः प्रसिद्ध झालेली ही आत्मकथा मराठीत ‘सत्याचे प्रयोग’ या नावाने आली ती सीताराम पुरुषोत्तम, म्हणजे कोकणातील अप्पासाहेब पटवर्धन यांच्या अनुवादातून. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे, असा आग्रह धरणारे आणि ज्यांच्या त्या आग्रहाला पाठिंबा म्हणून गांधींनी डिसेंबर १९३२ मध्ये उपवास केला, ते हेच अप्पासाहेब. ज्याने त्या राहणीचा अंगीकार स्वतः केला, त्याच्याच हातून ती मराठीत यावी, हा योग लक्षणीय आहे.

या आत्मकथेत साध्या राहणीविषयी जे आहे, त्याचा सूर पहिल्या वाचनातच वेगळा जाणवतो. दक्षिण आफ्रिकेत धोब्याचा खर्च वाचविण्यासाठी गांधी स्वतः कॉलर धुऊ लागले. पहिल्याच खेपेस खळ जास्त झाली, ती कोर्टात गळू लागली आणि सहकारी वकिलांना हसू आवरेना. ही फजिती लेखक सविस्तर सांगतो. त्याच प्रकरणात पुढे एक प्रसंग आहे. गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत आले असता न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना दिलेल्या उपरण्याला इस्त्री करण्याची वेळ आली. गांधींच्या वकिलीवर गोखल्यांचा विश्वास होता. धोबी म्हणून मात्र त्यांना तो वाटेना. अखेर इस्त्री झाली आणि ती गोखल्यांच्या पसंतीसही उतरली. रानड्यांची स्मृती, गोखल्यांची काळजी आणि गांधींची हौस या तिन्ही गोष्टी एका कापडाच्या घडीत एकत्र येतात. साधेपणा येथे व्रताच्या पायरीवर न चढता शिकण्याच्या कामाच्या पातळीवर राहतो.

गोखल्यांचाच आणखी एक प्रसंग या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. १९०१ च्या अखेरीस कलकत्त्याला काँग्रेसचे अधिवेशन झाले. त्यानंतर गांधी सुमारे महिनाभर गोखल्यांकडे राहिले. गोखले घोडागाडीतून फिरतात, ट्रामने का जात नाहीत, असा प्रश्न त्यांनी गोखल्यांना सरळच विचारला. गोखल्यांच्या उत्तराचा आशय असा : पुढाऱ्याची प्रत्येक गोष्ट सुखासाठीच असते, असे मानू नये, गांधींना ट्रामने हिंडण्याची जी मोकळीक आहे तिचा आपल्याला हेवाच वाटतो, पण ज्याला पुष्कळ लोक ओळखतात, त्याला ट्रामने जाणे दुरापास्त होते, आणि काही खर्च अशा माणसाला चुकत नाहीत. हे उत्तर आत्मकथेत पूर्णपणे येते आणि गांधींचे त्या मुद्द्यावर समाधान झाल्याचेही येते. ज्या पुस्तकाचा नायक तिसऱ्या वर्गाने प्रवास करतो, त्याच पुस्तकात घोडागाडीची बाजू एवढ्या न्यायाने मांडली जावी, ही गोष्ट सामान्य चरित्रग्रंथांत आढळणारी नाही. साधेपणाविरुद्धचा युक्तिवाद ऐकून घेण्याइतकी जागा या संहितेत आहे.

त्या मुक्कामानंतरचा राजकोटपर्यंतचा प्रवास तर जमाखर्चाच्या वहीसारखाच लिहिलेला आहे. गोखल्यांनी पुऱ्या आणि लाडू भरून दिलेला पितळी डबा, १२ आण्यांची किंतानी पिशवी, तीत लोकरी कोट, धोतर, पंचा आणि सदरा, शिवाय पांघरायला घोंगडी आणि एक तांब्या. वाटेत काशी, आग्रा, जयपूर आणि पालनपूर येथे थांबूनही रेल्वेभाड्यासह एकूण खर्च ३१ रुपयांवर गेला नाही. आकडा दिला म्हणजे वाचकाला तो पडताळता येतो. ‘अत्यंत साधेपणाने प्रवास केला’ या वाक्याशी वाचकाला मान डोलावण्यापलीकडे काहीच करता येत नाही. गांधींच्या गद्याचे बळ या फरकात आहे.

तथापि या आत्मकथेची खरी कसोटी लागते ती दागिन्यांच्या प्रसंगात. १९०१ मध्ये नाताळ सोडताना हिंदी समाजाने गांधी कुटुंबाला सोन्याचांदीचे आणि हिऱ्यांचे अलंकार भेट दिले. त्यांत कस्तुरबांसाठी ५० गिनींचा सोन्याचा हार होता. गांधींनी रात्र जागून काढली, सर्व भेटी समाजकार्यासाठी विश्वस्तांकडे सोपविण्याचे ठरविले, आधी मुलांना वश केले आणि मग पत्नीकडे वळले. कस्तुरबांनी विरोध केला. त्यांच्या म्हणण्यात तीन मुद्दे होते. मुलांना आज नको असले, तरी उद्या सुना येतील, त्यांचे काय; माझे दागिने तुम्ही आधीच घेतलेत; आणि तुमची सेवा ती माझीही सेवा, कारण तुमच्यासाठी आणि तुम्ही घरात आणलेल्या माणसांसाठी रात्रंदिवस खपले ती मी. हे बोल वर्मी लागल्याचे गांधी मान्य करतात, आणि शेवटी मिळविलेली संमती कशीबशी, ओढूनताणून मिळविलेली होती, हेही लपवीत नाहीत.

महिपतीच्या साच्याशी हा प्रसंग ताडून पाहावा. पती त्याग करतो आणि पत्नी घराचा विचार करते, एवढी मांडणी तीच आहे. येथे मात्र पत्नी कर्कश नाही. तिचा युक्तिवाद पतीच्या युक्तिवादाहून दुबळा नाही. तिसऱ्या मुद्द्याला तर आत्मकथेत समाधानकारक उत्तरच नाही. लेखकाला आपला निर्णय योग्य वाटत राहतो, पण वाचकाला दुसऱ्या बाजूने उभे राहण्याची मुभा मिळते. तरीही एक मर्यादा उरतेच. कस्तुरबांचे हे शब्द आपल्यापर्यंत गांधींच्याच लेखणीतून येतात. त्यांनी आत्मकथा लिहिली नाही. लिहिली असती तर हा प्रसंग कसा दिसला असता, याचा अंदाज राजकारणाबाहेरच्या एका मराठी पुस्तकावरून करता येतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये (१९३४–३७) रेव्हरंड टिळकांची पैशाविषयीची बेफिकिरी आणि त्यांचे उदार दातृत्व त्यांच्या पत्नीच्या नजरेतून येते. लक्ष्मीबाई पतीवर प्रेम करतात, त्याचा मोठेपणा ओळखतात आणि रिकाम्या डब्यांची आठवणही ठेवतात. आवलीच्या हाती लेखणी आली, तर ती कर्कशपणाऐवजी विनोद निवडते, याचा हा पुरावा होय.

गांधींच्या आत्मकथेत साधेपणा हा प्रयोगाचा विषय आहे. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात तो विषय म्हणून जवळजवळ नाहीसा होतो. गोदावरीबाई पुण्याच्या सुखवस्तू गोखले घराण्यातल्या. गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला सदस्या. पुढे त्या कम्युनिस्ट चळवळीत आल्या आणि त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू, उंबरगाव भागांत वारल्यांमध्ये राहून त्यांनी किसान सभेचे काम केले. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला झालेल्या किसान परिषदेनंतर वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध जो लढा उभा राहिला, त्याची ही हकीकत आहे. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला मिळाला.

झोपडीत राहणे, पायी हिंडणे, मिळेल ते खाणे हे सर्व या पुस्तकात आहे. पण त्याला त्यागाचे नाव दिलेले नाही. त्याचे कारण कथनाच्या दृष्टिकोनात आहे. ज्यांच्या घरी ती राहते, त्यांच्याकडे सोडून देण्याजोगे काहीच नाही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जो नवरा-बायकोसह जमीनदाराचा गडी झाला, त्याच्या पंक्तीला बसून स्वतःच्या कदान्नाची वाखाणणी करणे अशोभनीय ठरले असते, आणि लेखिकेला याचे भान आहे. साधी राहणी येथे कामाची अट आहे. तिच्यावाचून विश्वास संपादन करता आला नसता. पुस्तकाच्या शीर्षकातला माणूस जागा होतो तो वारली, लेखिका नव्हे. नायकपदच अशा रीतीने दुसऱ्याकडे गेल्यामुळे साधेपणाचा अहंकार उगवण्यास जागाच उरत नाही. या संहितेची मर्यादाही येथूनच येते. लेखिकेच्या मनातली ओढाताण आणि मागे सोडलेल्या घराविषयीची भावना यांविषयी ती अत्यंत मितभाषी आहे. दुसऱ्याचा हिशेब चोख मांडताना तिने स्वतःची वही मिटून ठेवली आहे.

वारल्यांच्या झोपडीतून जो प्रश्न उद्भवतो, तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनात आणि लेखनात स्पष्टपणे पुढे येतो. साधेपणा हे कोणाला परवडणारे मूल्य आहे? सप्टेंबर १९२१ मध्ये मदुरा येथे गांधींनी पंचा नेसण्याचा निर्णय घेतला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना सांगितले, ते याच्या नेमके उलट दिशेचे होते : ज्या वस्त्रांवरून आणि दागिन्यांवरून जात ओळखू येते ती टाका, स्वच्छ आणि नीटनेटके राहा, लुगडे इतर स्त्रियांप्रमाणे नेसा. दोन्ही घटनांत वस्त्र ही राजकीय भाषा आहे. पण ज्याच्या अंगावर उघडेपणा शतकानुशतके लादला गेला, त्याने तो पुन्हा स्वेच्छेने पांघरावा, असे कोणी म्हणू शकत नाही. आंबेडकरांचा सूट आणि दादरच्या ‘राजगृहा’तील त्यांचा ग्रंथसंग्रह हे चैनीचे निदर्शक म्हणून वाचणे म्हणजे ती भाषाच न समजणे होय. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील त्यांच्या ग्रंथात गांधीवादावर स्वतंत्र प्रकरण आहे. यंत्रे आणि आधुनिक सभ्यता यांमुळेच सामान्य माणसाला फुरसत आणि संस्कृती लाभू शकते, असा त्यातील युक्तिवाद साध्या राहणीच्या आदर्शाला मुळातच आव्हान देतो. ‘बलुतं’सारख्या (१९७८) दलित आत्मकथनाने हाच मुद्दा अनुभवाच्या पातळीवर सिद्ध केला. तेथील अभावात सात्त्विकतेचा लवलेश नाही.

आणि तरीही, घराने मोजलेल्या किमतीचा हिशेब सर्वांत स्वच्छपणे लिहिला आहे तो आंबेडकरांनीच. पाकिस्तानविषयक ग्रंथाची अर्पणपत्रिका रमाबाईंच्या स्मृतीला उद्देशून आहे. मित्रहीन, ओढग्रस्तीच्या दिवसांत आपल्याबरोबर सोसण्याची त्यांची तयारी आणि त्यांचे शांत धैर्य यांची कृतज्ञ नोंद तीत आहे. साधेपणाचा कोणताही दावा न करणाऱ्या एका पुढाऱ्याने दोनतीन ओळींत ते ऋण मान्य केले. कोणत्याही गौरवग्रंथातील राहणीविषयक प्रकरणाहून त्या ओळींचे वजन अधिक आहे.

स्वेच्छेचा साधेपणा आणि परिस्थितीचे दारिद्र्य यांतील हा भेद यशवंतराव चव्हाण यांच्या ‘कृष्णाकाठ’मध्ये (१९८४) वेगळ्या रूपात दिसतो. देवराष्ट्रे येथे १९१३ मध्ये जन्म, वडिलांचा अकाली मृत्यू, आई विठाई आणि वडील बंधू यांनी वाहिलेला संसाराचा भार, कऱ्हाडचे शिक्षण, चळवळ आणि तुरुंग असा या आत्मचरित्राचा प्रवास आहे. गरिबीचे वर्णन करताना यशवंतराव तिला शोभा आणीत नाहीत आणि तिचे भांडवलही करीत नाहीत. भावांनी आणि आईने जे सोसले, त्याची जाणीव कथनाच्या संथ लयीत मिसळून गेलेली आहे. मात्र हे आत्मचरित्र १९४६ पर्यंत येऊन थांबते. पुढचे खंड लिहिण्याचा संकल्प होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यशवंतरावांचे निधन झाल्याने तो सिद्धीस गेला नाही. परिणामी मराठीतील एका प्रमुख राजकीय आत्मचरित्रात गरिबी आहे, पण सत्ता हाती आल्यानंतरच्या राहणीची कसोटी नाही. मुख्यमंत्र्याच्या किंवा संरक्षणमंत्र्याच्या घरात बसून ‘एवढे पुरे’ असे म्हणणे म्हणजे काय, हे त्या न लिहिलेल्या पानांत राहिले. मराठी साहित्याची ही मोठी हानी आहे, कारण सत्तेच्या आतून लिहिलेले असे प्रांजळ कथन आपल्याकडे फार थोडे आहे.

या सर्व संहिता एकत्र पाहिल्यावर काही गोष्टी हाती लागतात. साधेपणाचे कथन विश्वसनीय होण्यासाठी त्यात विरोधी बाजूला जागा लागते. गोखल्यांची घोडागाडी आणि कस्तुरबांचा हार यांच्यामुळे गांधींच्या पंचाला अर्थ येतो. त्या कथनात सोसणाऱ्या माणसांची नावे लागतात. नाहीतर एकाच्या निःस्पृहतेची किंमत अनेकांनी मोजावी आणि कीर्ती मात्र एकाच्या खात्यावर जमा व्हावी, असे घडते. आणि ज्यांच्यावर अभाव लादलेला आहे, त्यांच्यासमोर ते कथन उभे राहू शकते काय, हीही कसोटी त्याला लावली पाहिजे. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या कसोटीला उतरते, कारण ते स्वतःला मध्यभागी ठेवीत नाही.

न्यायालयाच्या निर्णयांमुळे २००३ पासून निवडणुकीच्या प्रत्येक उमेदवाराला आपल्या मालमत्तेचे आणि कर्जाचे शपथपत्र द्यावे लागते. जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ताही त्यात दाखवावी लागते. राजकीय पुढाऱ्याच्या राहणीविषयीचा हा एक नवाच दस्तऐवज आहे, आणि नागरिकाच्या दृष्टीने तो कोणत्याही आख्यायिकेहून उपयुक्त आहे. पण शपथपत्रातील पत्नीच्या नावापुढे रकमा असतात. दागिने का द्यावेत, असे ती म्हणाली होती काय, हे त्यात नसते. ते काम आत्मचरित्राचे आणि आठवणींचे आहे. कलकत्त्याहून निघताना गांधींच्या पिशवीत काय काय होते, हे शंभराहून अधिक वर्षांनी आज कोणालाही सांगता येते. कस्तुरबांच्या तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर मात्र वाचकाला अद्याप शोधायचेच आहे.